विश्वकोश की विकिपीडिया? पोरांच्या प्रोजेक्टला आणि एमपीएससीला काय वापरायचं

मराठीतून फुकट आणि जरा धड माहिती हवी असेल तर दोन ठिकाणं आहेत, वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर इंग्रजी विकिपीडिया हे तिसरं. यातलं कुठलं खरं धरायचं असं कोणी विचारलं की मी सांगतो, साइट बघू नका, लेख बघा, कोणी लिहिलाय आणि कधी लिहिलाय.

विश्वकोशात हे सोपंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालेलं काम, पहिला खंड १९७६ चा, नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि बऱ्याचदा संदर्भग्रंथही. वनस्पती, तत्त्वज्ञान, संस्कृत साहित्य असल्या विषयांना तोड नाही. भाषा जड आहे, सातवीतल्या पोराला शेजारी बसून समजावून सांगावं लागतं. आणि खरी गोची म्हणजे वय. छापील खंडात ठाणे जिल्ह्याची नोंद लिहिली तेव्हा पालघर वेगळा झालेलाच नव्हता, तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यामुळे तालुके तिथून उतरवलेत तर परीक्षेत मार्क गेलेच म्हणून समजा.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, लेख लाखाच्या आसपास, पण आकड्यावर जाऊ नका. काही लेख खरंच मेहनतीने लिहिलेत, पण एखाद्या लहान गावाचं पान उघडून बघा, अमुक जिल्ह्यातल्या तमुक तालुक्यातलं एक गाव आहे, मग हवामानाची दोनचार वाक्यं जी शेजारच्या गावाच्या पानावरही जशीच्या तशी सापडतात, आणि खाली लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी नुसती हेडिंगं, आत काहीच नाही. असल्या पानावरून प्रोजेक्ट करायचा म्हणजे वही भरायची, बाकी काही नाही.

इंग्रजीत लेख सत्तर लाखांच्या घरात आणि गाजलेल्या विषयावर डोळे खूप, त्यामुळे चुका लवकर पकडल्या जातात. नेचर या विज्ञान साप्ताहिकाने २००५ मध्ये विज्ञानाचे ४२ लेख तपासले तेव्हा विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या जुन्या इंग्रजी ज्ञानकोशात तीन (ब्रिटानिकावाले भडकले होते, त्यांना ती तपासणीच मान्य नव्हती). पण त्याच वर्षी अमेरिकन पत्रकार जॉन सीगेंथालर यांच्या पानावर केनेडी हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता असं धादांत खोटं कोणीतरी घुसवलं आणि ते चार महिने तिथेच पडून होतं, कारण त्या पानाकडे फारसं कोणी फिरकतच नव्हतं. मराठी विकिपीडियावरची बरीचशी पानं अशीच, न फिरकलेली.

म्हणून माझा हिशोब असा, जुनं, ठरलेलं ज्ञान असेल तर विश्वकोश. जिल्हे, योजना, निवडणुका, शास्त्रातलं नवीन काही असेल तर इंग्रजी विकिपीडिया, पण लेखापेक्षा खालच्या तळटीपा आधी, लिंक सरकारी पानाची असेल तर सरळ तिथेच जा. मराठी विकिपीडिया सुरुवातीला चाळायला आणि मराठी संज्ञा शोधायला बरा, फक्त वरती इतिहासाचा टॅब असतो तो एकदा दाबा, शेवटचा बदल कधीचा आणि किती जणांनी हात लावलाय ते लगेच दिसतं. वाद असेल तर चर्चा पानही वाचा, कधी कधी मूळ लेखापेक्षा तिथेच जास्त कळतं.

आणि शाळेत संदर्भ लिहायला सांगितलाच तर इतिहासातून त्या तारखेच्या आवृत्तीची लिंक घ्या, नुसत्या पानाची नको, उद्या बाईंनी उघडलं तर मजकूर बदललेला असू शकतो.