पिंजरा, चाप, चिकट पुठ्ठा, केक आणि पाव इंची जाळी: घरातल्या उंदरांचा वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण उंदरांनी हैराण झालेल्या माणसाला लांबण वाचायला वेळ नसतो. आमचं काम केलं ते पाव इंची जाळी, सिमेंट आणि दाराखालची पट्टी यांनी. पिंजऱ्याची आणि चापाची मदत झाली. चिकट पुठ्ठा कुणीच घेऊ नये. लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं असलेल्या घरात केक, म्हणजे उंदीर मारायची विषारी वडी, आणू नये. आवाजाने उंदीर पळवणारं प्लगला लावायचं यंत्र म्हणजे पैसे पाण्यात.

आम्ही पुण्यात पेठेतल्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. एका बाजूला किराणा दुकान, मागे ड्रेनेजचा बोळ. गेल्या पावसाळ्यात ओट्याखाली लेंड्या दिसायला लागल्या, मग पोह्यांची पिशवी फुटली, मग वॉशिंग मशीनची वायर कुरतडलेली सापडली. खरेदीला पळण्याआधी प्राणी कोणता ते नक्की करावं. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार लेंड्या असतील तर घरातला लहान उंदीर. दीड सेंटिमीटरच्या आसपासच्या जाड लेंड्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस, आणि त्यांना लहान पिंजरा पुरत नाही. लेंड्यांचा ढीग पाहून घाबरू नका, एकच लहान उंदीर दिवसाला 50 हून जास्त टाकतो.

दुर्लक्ष मात्र करू नका. मादीची गर्भावस्था सुमारे 3 आठवड्यांची, एका वेळी 5-6 पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वयात येतात. दोन उंदरांवर दया दाखवून गणपतीपासून दिवाळीपर्यंत थांबलं, तर दिवाळीत कितीतरी जास्त जीव मारायची वेळ येते. उंदरांबाबत खरी कणव असेल तर पहिल्या आठवड्यातच हालचाल करावी, असं माझं ठाम मत आहे.

आता चिकट पुठ्ठा. हा दिरांनी आणला होता. स्वस्त, कोणत्याही दुकानात मिळणारा, लावायला सोपा. रात्री फ्रिजमागे ठेवला आणि मध्यरात्रीनंतर किंचाळणं सुरू झालं. उंदीर चारही पायांनी चिकटला होता आणि सुटायच्या धडपडीत त्याची एका बाजूची कातडी निघाली होती. हा पुठ्ठा उंदराला मारत नाही, नुसता धरून ठेवतो. मरण येतं ते दमून, तहानेने किंवा नाकपुड्या डिंकात रुतून गुदमरल्याने, आणि त्याला कित्येक तास लागतात. सकाळी पुठ्ठा गुंडाळून कचऱ्यात टाकला की बहुतेक घरांत विषय संपतो, पण तेव्हा तो जीव जिवंतच असतो आणि आपला त्रास आपण सफाई कर्मचाऱ्याच्या हातात देतो. आम्ही गोडेतेल ओतून त्याला सोडवलं. तेलाने डिंक सुटतो, तुमच्याकडे असा कुणी अडकला तर हे लक्षात ठेवा, पाल आणि चिमण्याही यावर अडकतात. आमचा उंदीर तासाभरात मेलाच. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आधार घेऊन भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना हे पुठ्ठे थांबवायला सांगितलेलं आहे आणि अनेक राज्यांनी तशी परिपत्रकंही काढली आहेत. इंग्लंडने तर त्यासाठी 2022 मध्ये वेगळा कायदाच केला. आपल्याकडे दुकानात ते अजूनही उघड टांगलेले असतात. मी दुकानदारांना विचारते, बोलते, आणि घेत नाही.

त्यानंतर तारेचा पिंजरा. गणपतीचे दिवस होते आणि सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की बाप्पा घरात असताना त्याच्या वाहनाला मारायचं नाही. मला ते मनापासून पटलं. पिंजरा घेताना दाराची स्प्रिंग आणि आकड्याची नाजूक हालचाल तपासा, आणि तारांमधली जागा पाहा. मोठ्या उंदराच्या पिंजऱ्यातून लहान उंदीर आमिष खाऊन निवांत बाहेर जातो. आमिषात आमच्याकडे सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा आणि शेंगदाण्याचा लाडू हे सर्वांत चाललं. भजं पहिल्या रात्री चालतं, दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागतात. पिंजरा खोलीच्या मध्ये ठेवून उपयोग नाही, उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. तिथेच, भिंतीला लावून ठेवायचा.

एकदा सकाळी पिंजऱ्यात चिचुंद्री निघाली. लांब सोंड, बारीक डोळे, उग्र वास. ती उंदरांच्या कुळातली नाहीच, झुरळं आणि किडे खाणारी आहे. तिला सतत खावं लागतं, त्यामुळे पिंजऱ्यात ती फार लवकर मरते. दिसली की लगेच बाहेर सोडावी. पुष्कळ घरांत तिला उंदीर समजून झाडूने मारतात, आणि झुरळं कमी करणारा एक प्राणी जातो.

पकडलेल्या उंदराचं काय करायचं, हा पिंजऱ्याचा खरा प्रश्न आहे आणि विकणारा त्याबद्दल बोलत नाही. आपल्याकडे जुनी पद्धत म्हणजे पिंजरा बादलीत बुडवणे. कृपा करून हे करू नका. बुडून मरायला मिनिटं लागतात आणि तो सगळा वेळ प्राणी शुद्धीवर असतो. पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत बुडवून मारणं मान्य नाही. दूर नेऊन सोडणं मनाला बरं वाटतं. आम्हीही नदीकाठी सोडले. पण घरातला उंदीर हा माणसाच्या आडोशाने जगणारा प्राणी आहे. अनोळखी मैदानात त्याला बीळ नसतं, धान्य नसतं, आणि वर घार, खाली मांजर असते. जवळ सोडला तर तो परत येतो किंवा दुसऱ्या कुणाच्या घरात जातो. म्हणून सोडण्याला मी पूर्ण दया मानत नाही, पण सासूबाईंच्या शब्दासाठी त्या दहा दिवसांत तेच केलं आणि पुन्हा करीन. आणि पिंजरा लावलात तर रात्री झोपताना आणि पहाटे उठल्या उठल्या बघा. भुकेल्या, घाबरलेल्या प्राण्याला दुपारपर्यंत कोंडून ठेवणं हा पिंजऱ्याचा नव्हे, आपला क्रूरपणा आहे.

मारायचंच ठरलं तर चाप. लाकडी स्वस्त चापाची स्प्रिंग ढिली असते, उंदीर अर्धा चेपला जातो. थोडे जास्त पैसे देऊन जबडा असलेला प्लॅस्टिकचा चाप घ्या. तो धुता येतो, बोटं वाचतात आणि फटका मानेवर बसतो. आमिषाचं टोक भिंतीकडे करून, चाप भिंतीशी काटकोनात ठेवायचा. लाडू चिमूटभरच लावा, दाबून, म्हणजे तो ओढताना चाप सुटेल. एकापेक्षा जास्त चाप दोन-तीन मीटर अंतराने ठेवावे, कारण लहान उंदीर कुतूहलाने जागोजागी थोडंथोडं कुरतडतो. घरात रांगतं मूल असेल तर ओट्याखाली फळी लावून त्यामागे ठेवावेत.

केकबद्दल थोडक्यात पण नीट सांगते. बाजारातल्या बहुतेक केकमध्ये ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठण्यासाठी लागणारं व्हिटॅमिन के शरीराला पुन्हा वापरू देत नाही, त्यामुळे आतल्या आत रक्तस्राव होऊन प्राणी काही दिवसांनी मरतो. ‘बाहेर जाऊन मरतो’ असं दुकानदार सांगतात, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तो माळ्यावर मेला आणि वासाने घर सोडायची पाळी आली. हे मेलेले किंवा मरणारे उंदीर घुबडं आणि मांजरं खातात आणि विष त्यांच्यात जातं. पेठेतल्या जुन्या वाड्यांत राहणारी गव्हाणी घुबडं प्रामुख्याने उंदरांवरच जगतात, त्यांना मारून आपण उंदरांचीच सोय करतो. ब्रोमाडिओलोनवर निदान व्हिटॅमिन के1 हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरमार विषावर आणि पिवळ्या फॉस्फरसच्या ट्यूबमधल्या पेस्टवर नेमका उतारा नाही, आणि ती पेस्ट पोटात गेली तर यकृत निकामी होतं. अशी वस्तू घरात असणं हाच धोका आहे. मूल किंवा कुत्रा यांच्या पोटात काही गेलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन घेऊन दवाखाना गाठा.

आवाजाचं यंत्र आम्ही लावलं, उंदीर त्याच्याच खालून गेले. तो आवाज भिंत किंवा कपाट ओलांडत नाही आणि प्राण्यांना त्याची सवय होते. कापूर, तुरटी, पुदिन्याचं तेल यांनीही काही फरक पडला नाही.

खरं काम फटी बुजवण्याने झालं. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे साधारण 6 मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत येतो. आम्ही दिवे बंद करून दुपारी दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, पाइपांभोवतून उजेड कुठे येतो ते पाहिलं. गॅसच्या पाइपाचं भोक, सिंकखालचा ड्रेनेजचा पाइप, मोरीची तुटलेली जाळी, मीटर बोर्डामागची वायरिंगची नळी अशा जागा निघाल्या. पाइपांभोवती स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबून वर सिमेंट लावलं. नुसता फोम मारू नका, उंदीर तो कुरतडतात. मोरी आणि व्हेंटिलेटरला गॅल्व्हनाइज्ड पाव इंची जाळी लावली. गवंड्याची एक दिवसाची मजुरी आणि सामान मिळून खर्च पिंजऱ्याच्या कितीतरी पट झाला, तो वसूल झाला. फक्त एक अट आहे, बुजवण्याआधी आत कुणी उरलेलं नाही याची खात्री करा. रात्री पीठ भुरभुरवलं की सकाळी पावलं दिसतात. आत अडकलेला उंदीर भिंतीत उपाशी मरू देऊ नका.

साफसफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून कागदाने उचला. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या मुतातून पसरतो, आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याने काय केलं ते आठवावं. 1896 मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात प्लेग आला तोही उंदरांवरच्या पिसवांतून. त्यामुळे ‘राहू द्या बिचाऱ्यांना’ असं स्वयंपाकघराबद्दल मी म्हणणार नाही.

शेजारच्या दुकानदारदादांशी बोलून त्यांच्याकडची पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायला लावली. त्याने बराच फरक पडला. आता आमच्याकडे काही महिने लेंड्या नाहीत. चाप एका डब्यात पडून आहेत. दाराखालची रबरी पट्टी मात्र झिजते आणि कोपरा कुरतडलेला दिसतो, म्हणून यंदा पावसाळ्याआधी ती काढून अॅल्युमिनियमची ब्रशवाली पट्टी बसवली आहे.