ओस्तिया आंतिका: रोमची गटारं समजून घ्यायची तर इथे जा

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात झाली. त्यामुळे रोमला गेल्यावर कलोसियमपेक्षा मला ओस्तिया आंतिकाची ओढ जास्त. टायबर नदीच्या मुखाशी वसलेलं हे रोमचं जुनं बंदर. तिकिटाचा पैसा न् पैसा वसूल झाला.

इथल्या फोरमच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, स्नानगृहाजवळ सार्वजनिक शौचालय आहे. भिंतीलगत संगमरवरी बैठक, तिला वीसेक भोकं. लोक तिथे बसून फोटो काढतात आणि पुढे निघतात. तुम्ही मात्र वाकून खाली बघा. बैठकीखाली खोल चर आहे, त्यातून पाणी वाहायचं. पुढच्या फरशीत आणखी एक उथळ पन्हळ, शौचानंतर पुसायला वापरायचा काठीवरचा स्पंज धुण्यासाठी. ना टाकी, ना साखळी. सगळी भिस्त वाहत्या पाण्यावर. रोममध्येही हेच सूत्र होतं. इ.स. 97 मध्ये तिथल्या पाणीखात्याचा प्रमुख झालेला फ्रॉन्टिनस लिहून ठेवतो, की हौदांतून ओसंडणारं पाणी गटारं धुवायलाही लागतं. उन्हाळ्यात तुंबलेली लाइन ज्याने मोकळी केली आहे, त्याला हे वाचून भरून येईल.

तरी रोमन गटारांनी रोगराई हटवली, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. बहुतेक घरं गटाराला जोडलेलीच नव्हती. आपल्याकडे असतो तसा पाण्याचा ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा पाणी साचलेला वाकडा पाइप, नव्हता. जोडणी घेतली की वास, वायू आणि उंदीर थेट घरात, आणि नदीला पूर आला की पाणी उलटं. त्या काळच्या अवशेषांत जंतांची अंडी भरपूर सापडतात. या गटारांचं खरं मोठं काम निचऱ्याचं. रोमच्या फोरमची दलदल ज्या नाल्याने कोरडी केली तो क्लोआका माक्झिमा, परंपरेनुसार इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. इसवी सनापूर्वी 33 मध्ये अग्रिप्पाने, म्हणजे पुढे सम्राट झालेल्या ऑगस्टसच्या उजव्या हाताने, गटारं साफ करून घेतली आणि स्वतः नावेतून आत फिरून आला. इतक्या मोठ्या पदावरचा माणूस गटारात उतरतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या नाल्याच्या मुखाची कमान रोममध्ये पालातिनो पुलाजवळ नदीकाठी दिसते, तीही चुकवू नका.

मेट्रोच्या पिरामिदे स्थानकाला लागूनच ओस्तियाची लोकल सुटते, अर्ध्या तासाचा प्रवास. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा. रस्ते ओबडधोबड दगडांचे, सावली कमी. बूट आणि टोपी हवीच. सोमवारी बंद असतं.