अस्वलांवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम: पाया पक्का, आशिया मात्र अर्ध्यावर

जगातल्या अस्वलांची ओळख करून देणारा आणि त्यांच्या शेजारी राहण्याची रीत शिकवणारा सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याचा पहिला पाठ सुरू होतो तो धातूच्या एका कचरापेटीपासून. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, वेस्ट यलोस्टोन येथे, अशा पेट्या आणि डबे आत खाद्य भरून बंदिस्त ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी, अस्वलांपुढे ठेवतात आणि अस्वले ६० मिनिटे झटूनही ते उघडले नाहीत तरच ते अस्वलरोधक म्हणून मान्य होतात. ही चाचणी पाठात जवळजवळ सलग दाखवली आहे. अस्वल आधी पेटीभोवती फिरून झाकणाची फट हुंगते, मग नखांची टोके फटीत अडकवून ओढून पाहते. ते साधत नाही असे दिसताच मागच्या पायांवर उभे राहून दोन्ही पंजे एकदम झाकणावर आपटते, आणि एखादा कोपरा किंचित दबला की पुन्हा नेमके तिथेच आपटते. त्या चार-पाच मिनिटांत अस्वलाची चिकाटी आणि हुशारी जितकी पटते, तितकी ती वर्णनाची पाने वाचून पटली नसती. सुरुवात इथून करण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याला हा विषय आतून कळलेला आहे.

दुसऱ्या आठवड्यात आठही प्रजाती भेटतात: ध्रुवीय, तपकिरी, अमेरिकी काळे, आशियाई काळे, आग्नेय आशियातले सन बेअर, दक्षिण अमेरिकेतले चष्मेवाले अस्वल, जायंट पांडा आणि भारतीय उपखंडातले स्लॉथ बेअर. तपकिरी आणि अमेरिकी काळे अस्वल सोडले तर उरलेल्या सहाही प्रजाती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत असुरक्षित गणल्या जातात. पांडा तिथे २०१६ साली अधिक गंभीर वर्गातून आला, म्हणजे त्याच्यासाठी ती बढतीच आहे. स्लॉथ बेअरच्या तोंडाची रचना मात्र फार सुंदर समजावली आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नाहीत, टाळू खोलगट, ओठ लांब आणि लवचीक, नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येणाऱ्या. वारूळ फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, असे ते सगळे यंत्र आहे. हा ओढण्याचा आवाज शंभर मीटरहून दूर ऐकू जातो. पाठात त्याचे ध्वनिमुद्रण आहे आणि ते हेडफोन लावून ऐकावे. शीतनिद्रेवरचा भागही तितकाच चांगला आहे. काळ्या अस्वलाचे तापमान त्या काळात थोड्याच अंशांनी उतरते. महिनोन्महिने ते न खाता, न पिता, मलमूत्र विसर्जन न करता राहते, युरियातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनांसाठी वापरते, आणि मादी तर याच काळात पिल्लांना जन्म देऊन दूध पाजते.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो तिसऱ्या आठवड्यात, कारण तिथे तो माणसाच्या खरकट्याकडे वळतो. १३ ऑगस्ट १९६७ रोजी, एकाच रात्री, मोंटानातल्याच ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या दोन ठिकाणी दोन ग्रिझलींनी दोन तरुणींना ठार केले. त्यांतल्या एका ठिकाणाजवळच्या निवासात पाहुण्यांना अस्वले दिसावीत म्हणून उरलेले अन्न मुद्दाम बाहेर टाकले जात असे. त्यानंतर यलोस्टोन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानातले कचऱ्याचे उकिरडे बंद करण्यात आले. ते टप्प्याटप्प्याने बंद करावेत, असे तिथल्या ग्रिझलींचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारे जॉन आणि फ्रँक क्रेगहेड हे बंधू सांगत होते, पण उद्यान प्रशासनाने ते थोड्या अवधीत बंद केले. उकिरड्यांना सोकावलेली अस्वले तंबूंच्या मैदानांत शिरू लागली, पुष्कळ मारली गेली, आणि १९७५ साली ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. हा वाद दोन्ही बाजूंनी मांडला आहे, कोणाला खलनायक केलेले नाही. त्याला जोडूनच कॅनडातल्या चर्चिल गावाची व्यवस्था येते. हडसन उपसागर गोठण्याची वाट पाहत गावात घुसणाऱ्या ध्रुवीय अस्वलांना तिथे एका इमारतीत डांबून ठेवतात आणि त्यांना खायला देत नाहीत. ऐकताना हे कठोर वाटते, पण माणूस म्हणजे अन्न अशी गाठ अस्वलाच्या मनात एकदा बसली की त्याचा शेवट बहुधा बंदुकीने होतो, हे आधीच्या तासात पाहिलेले असल्यामुळे त्यामागचा विचार लगेच उमगतो.

चौथा आठवडा प्रत्यक्ष गाठ पडण्याचा. घाबरून स्वतःचा किंवा पिल्लांचा बचाव करणारे अस्वल आणि शांतपणे मागावर राहणारे अस्वल यांतला फरक कान, मान आणि चालीवरून ओळखायला इथे शिकवतात. मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याबद्दल आकडेही दिले आहेत: अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या प्रसंगांच्या अभ्यासात फवाऱ्यामुळे तपकिरी अस्वले ९२ टक्के वेळा मागे हटली, आणि जवळून सामना होऊन फवारा वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. फवारा तंबूवर मारून ठेवू नये, वाळलेल्या वासाने अस्वल उलट जवळ येते, ही सूचनाही मोलाची आहे.

पाचव्या आठवड्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती लहान नाही. 'तपकिरी असेल तर पडून राहा, काळे असेल तर प्रतिकार करा' हा नियम इथे साऱ्या जगाला लागू असल्यासारखा सांगितला आहे. मुळात रंगावर भरवसा ठेवणेच चूक आहे, कारण अमेरिकी काळी अस्वले दालचिनी रंगाची, तपकिरी, ब्रिटिश कोलंबियात तर पांढरीसुद्धा असतात. खांद्याचा उंचवटा आणि नखांची लांबी पाहायची, हे याच अभ्यासक्रमाने दुसऱ्या आठवड्यात शिकवले होते. त्याहून मोठी उणीव आशियाची. स्लॉथ बेअर वाघाच्या मुलखात वाढलेले आहे. झाडावर चढून ते बचावत नाही, जागेवरच उलटून हल्ला करते, आणि बहुतेक वेळा झुडपाआड अचानक समोर आलेल्या माणसावर करते. पहाटे मोहाची फुले वेचायला वाकलेल्या बाईच्या हाती ना फवारा असतो, ना पाठीवर अस्वलरोधक डबा. तिने एकटीने न जाणे, चालताना बोलत राहणे, दाट झुडपाशी थांबून कानोसा घेणे, यावर पाठात चार वाक्ये आहेत. जपानलाही असेच उरकले आहे. बीच आणि ओक या जंगली झाडांना फळे कमी धरली की अस्वले ओस पडत चाललेल्या गावांत झाडांवर न तोडता राहिलेल्या पर्सिमॉन या गोड फळांसाठी उतरतात, म्हणून तिथले लोक ती फळे वेळेवर काढून घेतात. खरकट्याला अख्खा आठवडा देणाऱ्यांनी याच धाग्याला आणखी एक तास द्यायला हवा होता.

पित्तासाठी पिंजऱ्यात कोंडलेल्या आशियाई काळ्या अस्वलांवरचा भाग छोटा पण नेमका आहे. त्या पित्तातले औषधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार होते, हे त्यात आवर्जून सांगितले आहे.

वनकर्मचारी, गिर्यारोहक आणि जंगलाकाठी राहणारे, सर्वांनी पहिले चार आठवडे अवश्य करावेत. पाचवा उत्तर अमेरिकेपुरता समजून ऐकावा. सहाव्या आठवड्यातल्या स्वाध्यायात आपल्या मुक्कामाभोवती फिरून अस्वलाच्या नाकाला ओढून आणतील अशा वस्तूंची यादी करायची असते. मी कुत्र्याचे खाणे, पाखरांसाठी ठेवलेले दाणे, खतखड्डा, स्वयंपाकाची भांडी असे सगळे लिहून पाठवले. यादी एका शेऱ्यासह परत आली: टूथपेस्ट आणि साबण राहिले आहेत, पुन्हा एकदा फिरून पाहा.