ब्युटिल सांगितलं आणि गच्चीची डांबरपट्टी लावली : मोटरहोमच्या इन्सुलेशनमध्ये झालेली फसवणूक

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात कोणी ट्रॅव्हलर, विंगर असली गाडी घेऊन तिची मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करत असेल किंवा केलेली वापरत असेल तर हे जरा वाचून घ्या. आणि साऊंड सिस्टीम बदलायला गेल्यावर "आता पॅनल उघडलंच आहे तर जुनं इन्सुलेशन पण बदलून टाकू" असं कोणी म्हणत असेल तर नक्कीच वाचा. आमच्याकडून साऊंडचे ५४ हजार आणि इन्सुलेशनचे (ऊन-थंडी अडवायला पत्र्याच्या आतून लावतात तो थर) ६४ हजार, म्हणजे १ लाख १८ हजार घेतले आणि प्लायच्या मागे निघालं काय, तर गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी, टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोम, आणि जे काढून टाकायचं होतं तेच जुनं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. दुकानाचं नाव लिहीत नाही, नोटीस गेलेली आहे.

गाडी आमची सेकंडहँड. मागे बेड, मधे छोटा ओटा, छताला व्हेंट (हवा खेळायचा झरोका), पहिल्या मालकाने करून घेतलेली. त्याने छत आणि साईडला ग्लासवूल भरलेलं. ग्लासवूल वाईट नाही, कारखान्यांच्या शेडला सर्रास वापरतात, पण गाडीत माणसं झोपतात, चहा होतो, भाजी शिजते, ती सगळी वाफ रात्री थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते. आपल्याकडे लोकांना वाटतं खान्देश म्हणजे फक्त ऊन, पण धुळ्याला जानेवारीत पारा ५-६ वर येतो, तेव्हा पत्र्याला आतून दव सुटतं. ते पाणी ग्लासवूल पिऊन बसतं, सुकत नाही, खाली गंज लागतो आणि कुबट वास येतो. त्यात आमचा व्हेंट पण थोडा गळायचा.

आम्ही गेलो होतो फक्त साऊंडसाठी. जुने स्पीकर फाटलेले, आवाज वाढवला की दरवाजे खडखड करायचे. सारंगखेड्याची यात्रा जवळ आलेली, घरातल्या सगळ्यांना घेऊन गाडीनेच जायचं ठरलेलं, त्याच्या आधी काम पाहिजे होतं. दुकानदाराने दरवाज्याचं पॅनल उघडलं, आतून ओलं ग्लासवूल ओढून काढलं आणि माझ्यासमोर पिळलं. पाणी निघालं. आता हे खोटं नव्हतं, माल खरंच खराब झालेला होता, आणि सगळी गोम इथेच आहे, कारण पहिली गोष्ट डोळ्यासमोर खरी निघाली की पुढच्या चार गोष्टी माणूस तपासत नाही. मग त्याने पत्र्याचे दोन तुकडे आणले, एक साधा आणि एकाला मागून ब्युटिल शीट चिकटवलेली. दोन्हीवर बोटाने टकटक केलं. एक टण्ण वाजला, दुसरा ठप्प. "बघा दादा, हेच पूर्ण गाडीला लावू, आवाज पण बंद आणि ऊन पण बंद. टेन्शन नका ल्या, मी शे ना."

तर हे "आवाज पण बंद आणि ऊन पण बंद" जे आहे ना, ते धादांत खोटं आहे. ब्युटिलची शीट म्हणजे चिकट जड रबर आणि वर ॲल्युमिनियमची फॉईल. ती पत्र्याचं थरथरणं मारते, बस. त्यासाठी पूर्ण पत्रा झाकायची पण गरज नसते, पॅनलच्या मधोमध पाव हिस्सा ते ३० टक्के लावली तरी खडखड जाते. उष्णता अडवायचं काम तिचं नाही, ते काम फोमचं, आणि फोम पण बंद छिद्रांचा पाहिजे, नायट्राईल रबर किंवा एक्सएलपीई (प्लॅस्टिकचा एक फोम), जो पाणी पीत नाही. एसीच्या पाईपला काळं नरम रबर गुंडाळलेलं असतं बघा, तोच नायट्राईल, शीटमध्ये मिळतो. आणि ते चकचकीत फॉईल नुसतं फोम आणि प्लायमध्ये दाबून बसवलं तर त्याचा काही उपयोग नाही, त्याच्यासमोर हवेची फट असेल तरच ते ऊन परतवतं. म्हणजे तीन वेगळे माल आणि तीन वेगळी कामं. दुकानदार मात्र "साऊंडप्रूफ इन्सुलेशन कंप्लीट" असं एका ओळीत लिहून देतो, आमच्या एस्टिमेटवर पण तेवढंच होतं, जाडी नाही, कंपनी नाही, किती चौरस फूट तेही नाही. तोंडी म्हणाला २ एमएम ब्युटिल, १९ एमएम नायट्राईल आणि वायर प्युअर कॉपर.

७० हजार ॲडव्हान्स घेतला. पैसे स्कॅनरवर टाकले, नाव भलतंच आलं, म्हणे भाच्याचं खातं आहे. काम चालू असताना गाडीजवळ येऊ देईना, "ग्लासवूलचे कण उडतात दादा, अंग खाजतं, पोरांना तर आणूच नका". कण उडतात हे पण खरंच आहे. व्हॉट्सॲपवर रोज फोटो यायचे, चांदीसारखं चमकणारं छत, एकदम भारी. नंतर तेच फोटो मोठे करून पाहिले तर छताला व्हेंटच नाही. आमच्या गाडीला व्हेंट आहे. दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे फोटो आम्हाला पाठवत होता पठ्ठ्या.

गाडी रात्री ताब्यात दिली, फुल बास लावून डेमो. पुढच्या डाव्या दरवाज्यावर टकटक करून दाखवलं, ठप्प. (तेवढा एक दरवाजा त्याने खरा केला होता, हे नंतर कळलं.) सारंगखेड्याला जाऊन आलो, घोडे बघितले, डिसेंबरच्या थंडीत गाडीत झोपलो, काहीच तक्रार नाही. डिसेंबरमध्ये ती होणारच नव्हती.

एप्रिल लागला आणि रंग दिसायला लागले. भुसावळला लग्नाला गेलो होतो, गाडी उन्हात उभी, दुपारी दार उघडलं तर नवीन रस्ता टाकल्यावर येतो तसला डांबराचा भपकारा. आईला तर मळमळायलाच लागलं. मिसेस म्हणाली, "अहो, बेडवर हे काळं काय पडलंय?" वर पाहिलं तर छताच्या लाईटच्या भोकातून काळं चिकट ओघळलेलं, चादर गेली, गादी गेली. आणि ॲम्प्लिफायर जरा आवाज वाढवला की बंद पडायचा, लाल लाईट लागायचा, त्याची वायर हाताला कोमट नाही, गरम लागत होती.

दुकानदाराला फोन केला तर उत्तर काय, "दादा ऊन काय आमच्या हातात शे का?"

मग धुळ्यातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. वयस्कर माणूस, ट्रकच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांनी छताचा प्लाय खोलला, पट्टीला बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, हाई ते गच्चीनी गळतीले लावतस तीच पट्टी शे." वरून फॉईल तशीच चमकते म्हणून दिसायला सारखी. पण साधं डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, गच्चीच्या पट्टीत काही मिसळून ते थोडं वाढवत असतील, पण आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते, तिथे उन्हात उभ्या गाडीचं छत ७० ला पोचतं, मग ते ओघळणार नाही तर काय. पट्टीखाली नायट्राईलच्या जागी पॅकिंगचा पांढरा फोम. आणि मागच्या साईडला, ओट्याच्या मागे, जिथे कोणी बघणार नाही, तिथे काहीच नाही केलेलं, जुनं ओलं ग्लासवूल तसंच आणि त्यावर नवा प्लाय ठोकलेला. खिडकीच्या खाली गंजाचे पोपडे आलेले. ज्या कामाचे ६४ हजार दिले ते काम तिथे झालेलंच नव्हतं.

वायरचं तर वेगळंच. मिस्त्रींनी ब्लेडने एक तार खरवडली, वरून तांबं, आतून पांढरी. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा दिलेली असते, बाजारात तिला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमची वीज वाहायची ताकद तांब्याच्या साधारण ६० टक्केच, म्हणजे त्याच जाडीची वायर जास्त तापते, आणि आमच्या गाडीत बॅटरी पुढे आणि ॲम्प मागच्या बेडखाली, मग एवढ्या लांब वायरमध्ये व्होल्टेज पडणार आणि ॲम्प बंद पडणारच. घरी पण ओळखता येतं, वायरची एक बारीक तार चिमट्यात धरून लायटर लावायचा, ॲल्युमिनियमची गळून पडते, तांब्याची लाल होते पण टिकते. लोहचुंबकाने मात्र काही कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे बॅटरीजवळ फ्युजच नव्हता! तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे, कारण पुढे वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो फ्युजच वाचवतो. ही वायर पॅकिंगच्या फोममधून नेलेली, तो फोम भराभरा पेटतो, आणि त्याच्यावर प्लाय आणि त्याच्या खाली आमची पोरं झोपलेली. पैशापेक्षा याचा जास्त राग आहे मला.

ॲम्पवर २००० वॅट छापलेलं. मिस्त्री हसले, म्हणाले ॲम्पवरचा स्वतःचा फ्युज बघा किती ॲम्पियरचा आहे. ३० चा होता. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले तर ३० गुणिले १४, ४२० वॅट, एवढी वीज आतच जाते, मग २००० बाहेर कुठून येणार? वर हा जुन्या पद्धतीचा, क्लास एबी म्हणतात तसला ॲम्प, म्हणजे त्यातली निम्मी उष्णतेतच जाते. तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा आणि फ्युजवरून गुणाकार करून बघा.

परत दुकानात गेलो तर तीन उत्तरं तयार. एक, इन्सुलेशनला वॉरंटी नसते. दोन, दुसऱ्याने खोललं म्हणजे आमची जबाबदारी संपली. तीन, बिल कुठे आहे? बिल त्यानेच दिलं नव्हतं, "पक्कं पाहिजे तर १८ टक्के वर लागतील" म्हणाला होता. एस्टिमेटच्या कागदावर जीएसटी नंबर मात्र छापलेला, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला तर रद्द झालेला. हे तपासायला लॉगिन पण लागत नाही, नंबर टाकला की नाव आणि चालू का बंद ते दिसतं, महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. ॲडव्हान्स द्यायच्या आधी दोन मिनिटं काढून बघून घ्या.

आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली. त्यावर त्याचा फोन आला, १५ हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा की तक्रार नाही. नाही केली. मग वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस. पक्कं बिल नसलं तर काहीच करता येत नाही असं लोक समजतात, पण पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, एस्टिमेटचा फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज हे पण पुरावे म्हणून देता येतात. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो, मुदत दोन वर्षं, आणि रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. फक्त दुसरीकडे गाडी खोलताना पहिल्या स्क्रूपासून व्हिडिओ करा, नंबर प्लेट दिसली पाहिजे, नाहीतर तो म्हणेल तुम्हीच नंतर भरलं.

काम आता परत करून घेतलं, यावेळी माल स्वतः आणला. आधी व्हेंटची गळती पीयू सीलंटने बंद केली, ते न करता आत सोनं भरलं तरी सडेल. गंज घासून प्रायमर, मग पॅनलच्या मधे ब्युटिलचे तुकडे, मग नायट्राईल, छताच्या लोखंडी पट्ट्यांवर पण पातळ थर कारण ऊन तिथूनही आत येतं. दरवाज्याच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची, त्यात फोम कोंबायचा नाही. ॲम्पच्या भोवती पण नाही, त्याला वारा पाहिजे. पॉवरची वायर एका बाजूने आणि आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनची शिट्टी स्पीकरमध्ये येते. आणि प्लाय लावायच्या आधी मिस्त्रींनी स्वतःच फोन करून बोलावलं, "भाऊ, येऊन देखी ल्या, मंग बंद करतस." जो दुकानदार असं बोलवत नाही त्याला शेवटचा हप्ता देऊ नका, पॅनल बंद झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

नोटिशीचं उत्तर अजून आलेलं नाही, आयोगात जायची तयारी चालू आहे. निघालेला सगळा माल, पट्टी, फोम, वायर, ग्लासवूलचे बोळे, गोणीत भरून वर तारीख आणि मिस्त्रींची सही घेऊन ठेवलाय. तुमच्यावर अशी वेळ आली तर गोणी सावलीत ठेवा, आमची पहिल्या दिवशी अंगणात राहिली आणि पट्टी वितळून सगळा पुरावा एकमेकांना चिकटला, आता तो वेगळा करायला घासलेट लागणार.