१४ महिने आयओएसएस आणि ब्रिटनचा व्हॅट: वारज्यातून गोधड्या पाठवताना आलेला अनुभव

मला विचारणारे सगळे एकच विचारतात, "नंबर किती दिवसांत मिळतो?" आयओएसएसचा, म्हणजे युरोपीय संघातला व्हॅट (विक्रीवरचा मूल्यवर्धित कर) एकाच जागी भरण्याच्या सोयीचा, मला अकरा दिवसांत मिळाला, ब्रिटनच्या व्हॅटचा साधारण पाच आठवड्यांत. पण नंबर मिळणं हा साखरपुडा झाला, संसार त्याच्यापुढे आहे. सप्टेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ असा तो संसार करून झाल्यावर हे लिहितेय.

आमचं काम छोटं. पुण्यात वारज्याला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आठ जणी गोधड्या शिवतात. अस्तर रविवार पेठेतल्या कापडगंजातून येतं, धावदोरा हाताचाच. आधी सगळी परदेशी विक्री एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवर होती. तिथे युरोपात १५० युरोपर्यंतच्या आणि ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलचा कर एट्सीच गिऱ्हाइकाकडून घेते आणि भरते. युरोपच्या ऑर्डरवर दिसणारा त्यांचा नंबर आपण कुरिअरला कळवला की संपलं. ताप सुरू झाला तो स्वतःची वेबसाइट काढल्यावर.

१ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली आयात व्हॅटची सूट काढून टाकली. आता दहा युरोच्या बटव्यालाही कर आहे. आपण नोंदणी केली नसेल तर तो कर गिऱ्हाइकाच्या दारात वसूल होतो, वर हाताळणीचे पैसे वेगळे. वेबसाइटच्या पहिल्या काही महिन्यांत अशा तीन गोधड्या लोकांनी घेतल्याच नाहीत. त्यातली एक अडीच महिन्यांनी परत आली, खोक्याचे कोपरे चेपलेले, कापडाला ओलसर वास. आमच्या मावशींनी ती झटकली, उन्हात टाकली आणि म्हणाल्या, "बघा, ही युरोप फिरून आली. आपलं अजून महाबळेश्वर राहिलंय."

म्हणून आयओएसएस. एकाच देशात नोंदणी करायची आणि सत्तावीस देशांचा व्हॅट एका मासिक विवरणपत्रात भरायचा, अशी ही सोय आहे. अट एवढीच की पार्सलमधल्या मालाची किंमत १५० युरोच्या वर नको. भारतातल्या विक्रेत्याला थेट नोंदणी करता येत नाही, युरोपीय संघात स्थापन झालेला मध्यस्थ लागतो. मी आयर्लंडमधला घेतला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. नोंदणीचे १५० युरो आणि महिन्याला ३९. पासपोर्ट, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटीचं प्रमाणपत्र, बँकेचं पत्र एवढं पाठवलं आणि 'आयएम'ने सुरू होणारा नंबर आला. अर्जाचा भाग खरंच सोपा. फक्त 'गोधडी' म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात तीन मेल गेले. शेवटी ९४०४४० हा कस्टम्सचा कोड टाकून 'क्विल्ट' लिहिलं आणि विषय मिटला. सोळा जुन्या साड्यांचं क्विल्ट होतं का, हे मावशींना अजून विचारलेलं नाही.

पहिला दणका तिसऱ्याच महिन्यात. जर्मनीत लाइपझिगच्या एका आजींनी नातवासाठी ९० युरोची गोधडी घेतली. त्या किमतीतच १९ टक्के व्हॅट होता, म्हणजे १४ युरो ३७ सेंट त्यांनी मला दिलेले. तरी पोस्टमनने दारात पुन्हा कर मागितला. आजींनी पावतीचा फोटो पाठवला, सोबत एकच ओळ: "मी दोनदा का भरू?" बरोबरच होतं त्यांचं. शोधल्यावर कळलं की कुरिअरच्या पोर्टलवर 'टॅक्स आयडी' नावाची एकच चौकट होती. तिथे मी सवयीने आपला २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर टाकला होता आणि आयओएसएसचा नंबर शेऱ्यात लिहिला होता. शेरा माणूस वाचतो, कस्टम्सची यंत्रणा वाचत नाही. नंबर इलेक्ट्रॉनिक माहितीतून योग्य जागी गेला नाही, तर तो असून नसल्यासारखा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तर मुळीच उपयोग नाही, उलट कोणीतरी तो उचलून स्वतःच्या पार्सलवर वापरेल. नंबर घराच्या किल्लीसारखा सांभाळायचा.

कुरिअरवाल्याला त्या चौकटीबद्दल मी चार वेळा लिहिलं, उत्तर आलं ते सातव्या आठवड्यात. मध्यस्थाचं म्हणणं, "पार्सलचं आमच्याकडे नसतं." मग आजींकडून कर भरल्याची पावती घेतली, १४.३७ परत केले आणि नंतरच्या विवरणपत्रात तेवढी दुरुस्ती दाखवली. अशी दुरुस्ती तीन वर्षांपर्यंत करता येते, हे मला मध्यस्थाने सांगितलं नाही, मीच नियम वाचून त्यांना सांगितलं. ३९ युरो कशाचे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडला.

दुसरी गंमत १५० युरोच्या रेषेची. ही मर्यादा एका पार्सलमधल्या एकूण मालाला आहे, आणि ती व्हॅट वगळून धरायची. आमची किंमत सगळीकडे एकच, कर धरून ९० युरो. दोन गोधड्या एका खोक्यात घातल्या की १८०. नेदरलँड्समध्ये व्हॅट २१ टक्के, म्हणून १८० भागिले १.२१ म्हणजे १४८.७६. रेषेच्या आत, पार्सल सरळ दारात. त्याच दोन गोधड्या जर्मनीला, १९ टक्क्यांनी, १५१.२६. रेषेच्या बाहेर, आयओएसएस चालणार नाही, गिऱ्हाइकाला दारात कर. हे मी आधी वाचलं होतं असं नाही. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाचा रागाचा मेल आल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसले तेव्हा कळलं. आता भिंतीवर देशवार तक्ता चिकटवलाय आणि जोडीची किंमत १७५ केली आहे.

एकच किंमत ठेवण्याचा आणखी एक परिणाम: आपल्या हातात येणारी रक्कम देशागणिक बदलते. ९० पैकी डेन्मार्कला २५ टक्के गेल्यावर ७२ उरतात, हंगेरीला २७ टक्के गेल्यावर ७१ च्या आत, लक्झेंबर्गला १७ टक्के गेल्यावर जवळजवळ ७७. लक्झेंबर्गचं गिऱ्हाईक मात्र अजून एकही आलेलं नाही.

आता पैसे भरणं. याबद्दल कोणी बोलत नाही. महिन्याचं विवरणपत्र आणि रक्कम पुढच्या महिनाअखेरीपर्यंत. विक्री शून्य असली तरी शून्याचं विवरणपत्र जायलाच हवं. स्वीडन, डेन्मार्कच्या गिऱ्हाइकांना मी त्यांच्या चलनात विकते, आणि युरोत रूपांतर करायला महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर लागतो. मी पेमेंट गेटवेचा रोजचा दर लावत होते, म्हणून दोनदा एक्सेल परत आली. तो दोष माझा.

पहिल्या महिन्याचा व्हॅट होता ४३ युरो. ते पाठवायला बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ पुढे सरकवून म्हणाला, "मॅडम, परपज कोड काय टाकू?" मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. आतल्या साहेबांनी आयकराचा पंधरा सीए फॉर्म मागितला, तो घेऊन तिसऱ्या फेरीला काम झालं. बँकेचं शुल्क आणि मधल्या बँकेची कात्री मिळून व्हॅटपेक्षा जास्त पैसे गेले. आता मध्यस्थाकडे सहा महिन्यांची अनामत एकदम पाठवते, त्यातून ते दरमहा वळती करून घेतात. हे पहिल्याच दिवशी विचारा.

आणि आमच्या सीएंनी मार्चमध्ये सांगितलेली गोष्ट: मध्यस्थाची फी म्हणजे परदेशातून घेतलेली सेवा. तिच्यावर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी आपणच रोखीने भरायचा, मग क्रेडिट घ्यायचं. मी सहा महिने भरला नव्हता, व्याजासकट भरला. रक्कम फार नाही, पण झोप गेली.

आपल्याकडची बाजू तुलनेने सरळ आहे. जीएसटीत निर्यात शून्य दराची, पण आंतरराज्य पुरवठा धरली जाते. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, मात्र दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायची, आरएफडी-११ या फॉर्ममध्ये, दोन साक्षीदारांसह. आमचे साक्षीदार म्हणजे माझा दीर आणि समोरच्या फ्लॅटमधले काका, जे दर मार्चअखेरीला "पुन्हा तेच का?" असं म्हणून आधार कार्ड शोधायला लागतात. एलयूटी नसेल तर आयजीएसटी (आंतरराज्य पुरवठ्यावरचा जीएसटी) भरून माल पाठवायचा आणि परताव्याची वाट बघायची.

ब्रिटनचं वेगळं. १३५ पौंडांपर्यंतचा माल थेट विकायचा तर पहिल्या पौंडापासून तिथली नोंदणी लागते. तिथल्या स्थानिक व्यापाऱ्याला असलेली वर्षाला ९० हजार पौंडांपर्यंतच्या विक्रीची सवलत आपल्याला नाही. मध्यस्थ लागत नाही, एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या करखात्याकडे, ऑनलाइन अर्ज मीच केला. विवरणपत्र तिमाही, नऊ चौकटींचं, त्यातल्या माझ्या बहुतेक चौकटी शून्य. हिशोब सोपा: ६० पौंडांची गोधडी, त्यात १० पौंड कर. तिमाही संपल्यावर एक महिना सात दिवसांची मुदत, पण पाठवायचं सॉफ्टवेअरमधूनच, त्याचं वेगळं वर्षाचं भाडं. कुठेही अडलं नाही. तरीही १४ महिन्यांत ब्रिटनला गेल्या १९ गोधड्या. त्यांच्यासाठी दर तिमाहीला अर्धा दिवस आणि बँकेची फेरी मला परवडत नाही. ब्रिटनची गिऱ्हाइकं मी पुन्हा एट्सीकडे वळवतेय.

युरोपचं चित्र उलट. ८३ गोधड्या गेल्या. मध्यस्थाची फी धरली तर एकूण ६९६ युरो, म्हणजे गोधडीमागे आठ युरोंच्या वर थोडे. त्या बदल्यात नकार देऊन परत आलेलं पार्सल एकही नाही. महिन्याला दोन-तीनच पार्सलं जात असतील तर हे करू नका, बाजारपेठेच्या साइटवरच राहा.

नोंदणी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, हे करात येत नाही पण आडवं येतंच. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात बहुतेक वस्तूंसाठी मालाच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या जबाबदार व्यक्तीचा पत्ता लागतो. आमच्या प्रत्येक गोधडीच्या चिठ्ठीवर तो छापावा लागला. आमच्या मध्यस्थाने हेही वेगळ्या फीवर देऊ केलं, दर ऐकून मी दुसरीकडून घेतलं.

अमेरिकेत राज्यागणिक विक्रीकर आहे, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर बहुतेक राज्यांनी परराज्यातल्या विक्रेत्यांना लावलेली विक्रीची मर्यादा एक लाख डॉलरच्या आसपास आहे. आमचं तिकडे नखही पोचलेलं नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ८०० डॉलरपर्यंतची सीमाशुल्काची सूट गेल्यापासून तर तिकडच्या ऑर्डरच थंडावल्या.

आता मध्यस्थ बदलतेय. नवा मध्यस्थ म्हणजे नवा नंबर. जुना नंबर बंद झाल्यावर त्याच्यावर आधीच विकलेल्या मालाच्या आयातीसाठी जास्तीत जास्त दोन महिने मिळतात. बदल १ जानेवारीला ठेवलाय, म्हणून नाताळच्या सगळ्या ऑर्डरी २० डिसेंबरच्या आत वारज्यातून निघायला हव्यात. मावशींना सांगितलंय. त्यांनी विचारलं, लाइपझिगच्या आजींची दुसरी गोधडी यात आहे का. आहे. यावेळी नंबर मीच दोनदा तपासणार आहे.