शिंग्रिक्स लस आणि नंतरचे दोन दिवस : सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही बाईचा अभिप्राय

नागीण या आजारावरची शिंग्रिक्स ही लस मी आणि माझे यजमान अशी दोघांनीही घेतली. आम्ही दोघे सत्तरीच्या पुढचे आहोत. मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे, शिवाय मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन सीमारेषेच्या किंचित वर असते. यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, आणि प्रोस्टेटसाठी रात्रीची एक गोळी वेगळीच असते. या लसीविषयी जे अनुभव वाचायला मिळाले ते बहुतेक पन्नाशीतल्या धडधाकट माणसांचे होते, आणि ‘दोन दिवस कणकण होती, मग बरे वाटले’ एवढे लिहून त्यांचे भागत होते. सकाळ-संध्याकाळ गोळ्यांचा डबा उघडणाऱ्या माणसाने त्या दोन दिवसांत कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची आणि काय खायचे, हे त्यांतून समजत नाही. त्यामुळे हा अभिप्राय लसीपेक्षाही तिच्यानंतरच्या काळजीविषयी अधिक आहे.

लस घेण्याचे कारण घरातच होते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना नागीण झाली तेव्हा गावाकडे आधी काव लावण्यात आणि ‘उतरवून’ घेण्यात सुरुवातीचे महत्त्वाचे दिवस गेले. विषाणूवरील गोळ्या फोड दिसू लागल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो, आणि ती मुदत तोवर उलटून गेली होती. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो ही समजूत निराधार आहे, पण फोड सुकल्यानंतर मागे राहणारी मज्जातंतूंची वेदना मात्र अगदी खरी असते. जाऊबाईंना पुढे कित्येक महिने पाठीवर पदराचा स्पर्शही सहन होत नव्हता. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंच्या मुळाशी तोच विषाणू निद्रिस्त राहतो आणि वय वाढून प्रतिकारशक्ती उणावली की नागिणीच्या रूपाने वर येतो. मधुमेहींमध्ये हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

शिंग्रिक्सला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली आणि भारतात ती २०२३ मध्ये पन्नास वर्षांवरील व्यक्तींसाठी उपलब्ध झाली. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडाच्या स्नायूत घ्याव्या लागतात. यात जिवंत विषाणू नसतो, विषाणूच्या आवरणावरचे एक प्रथिन तेवढे असते, त्यामुळे लसीमुळेच नागीण होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये पन्नाशीच्या पुढच्या लोकांत सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीच्या पुढच्या लोकांत सुमारे ९० टक्के संरक्षण दिसले. आमच्या वयाला ९० टक्के मिळणे ही साधी गोष्ट नाही, कारण म्हाताऱ्या शरीरात बहुतेक लसींचा जोर ओसरतो.

हा जोर येतो तो लसीत घातलेल्या पूरक द्रव्यामुळे. चिली देशातील क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतून काढलेले सॅपोनिन, म्हणजे आपल्याकडे रिठ्यात जो फेस आणणारा पदार्थ असतो त्याच वर्गातला घटक, आणि एका जिवाणूच्या आवरणापासून मिळवलेले मेदद्रव्य यांचे ते मिश्रण असते. सुस्तावलेल्या प्रतिकारशक्तीला ते खडबडून जागे करते, आणि त्याची किंमत अंगदुखीच्या रूपाने मोजावी लागते. चाचण्यांत सुमारे ७८ टक्के लोकांचा दंड दुखला, ४५ टक्क्यांच्या आसपास लोकांना अंगदुखी आणि थकवा जाणवला, तर पाचांतल्या एकाला ताप आला. रोजची कामे करता येऊ नयेत इतका त्रास साधारण सहांतल्या एकाला झाला. सत्तरीनंतर हे प्रमाण काहीसे कमी असते, असे डॉक्टर दिलाशाने सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु चाळिशीतल्या माणसाला तापाने आणलेली ग्लानी आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी झोपलेल्या म्हातारीला आलेली ग्लानी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या टक्केवारीत कुठे दिसत नाही.

पहिली मात्रा आम्ही शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या लसीकरण विभागात घेतली. तेथील तांत्रिक बाजू चोख होती, हे मान्य केले पाहिजे. लस शीतपेटीतून आमच्यासमोर काढली, कुपीवरील मुदत दाखवली, भुकटी आणि द्राव तिथेच मिसळले, इंजेक्शननंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवले आणि कार्डावर बॅच क्रमांकाची चिकटपट्टी लावून दिली. मात्र आम्हाला कोणते आजार आहेत आणि कोणती औषधे चालू आहेत, हे कोणीही विचारले नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना बारीक सुईने टोचून ती जागा निदान दोन मिनिटे घट्ट दाबून धरायची असते आणि ती चोळायची नसते. परिचारिकेने सवयीने कापसाने दंड चोळला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. यजमानांच्या दंडावर मोठा काळानिळा डाग उमटला. तो काही दिवसांनी आपोआप गेला, पण एका प्रश्नाने तो टळला असता.

त्याहून खटकला तो हातात दिलेला छापील कागद. ‘ताप किंवा अंगदुखी असल्यास पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्यावे’ हे वाक्य त्यावर सर्वांसाठी सारखेच छापलेले होते. मुख्यतः पन्नास वर्षांवरील लोकांसाठी असलेल्या लसीच्या कागदावर असे वाक्य असावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. माझी रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध अशी जोडगोळी आहे. तिच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक आले, आणि तापामुळे पाणी कमी पोटात गेले, की मूत्रपिंडांवर तिहेरी भार पडतो. ज्यांना हृदयाच्या अशक्तपणाचा आजार आहे त्यांच्या अंगावर या वेदनाशामक गोळ्यांनी सूज वाढते, आणि यजमानांसारख्या ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आपल्याकडे अंग दुखले की ज्या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात, त्यांतल्या कित्येक या वर्गातल्या असतात किंवा त्यांत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन मिसळलेले असते, म्हणून वेष्टनावरची बारीक अक्षरे भिंग घेऊन का होईना, वाचावीत.

लस घेतली त्या रात्री मला हुडहुडी भरली आणि ताप १०१ अंशांपर्यंत चढला. दंड शिळेसारखा जड झाला होता, त्या कुशीवर झोपणे शक्य नव्हते, आणि सकाळी काखेत अवधाण आल्याचे जाणवले, जे या लसीनंतर काही जणांना येते. यजमानांना दंडाच्या ठणक्यापलीकडे काहीही झाले नाही आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पोळी-भाजी जेवून वर्तमानपत्र वाचले, याचा मला थोडा रागही आला. माझी खरी अडचण साखरेची होती. जेवण जवळजवळ बंद असूनही ग्लुकोमीटर नेहमीपेक्षा बरीच वरची साखर दाखवत होता, कारण तापात शरीर स्वतःच साखर वाढवते. आणि त्याच वेळी मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी न जेवता घेतली असती तर साखर काही तासांत धोकादायकरीत्या खाली आली असती. रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा तो विभाग संध्याकाळी बंद होतो असे चौकीवरच्या माणसाने सांगितले. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सकाळ होताच विचारले.

दुसरी मात्रा आम्ही त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात घेतली. खोली लहान, बसायला बाकडे, आणि लस आगाऊ सांगून मागवावी लागते. तरीही सेवा म्हणून मी तिला कितीतरी वरचा क्रमांक देईन. त्यांनी आधी आमच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवून घेतल्या आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला प्रत्येकाची वेगळी टीप लिहून दिली. माझ्या टिपेत असे होते : जेवण झाले तरच ग्लिमेपिराइड घ्यायची, उलट्या-जुलाब झाले किंवा पाणीही पोटात ठरेना तर मधुमेहाची दुसरी गोळी मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी गोळी थांबवून लगेच फोन करायचा, साखर दर चार-सहा तासांनी पाहायची, आणि रक्तदाब मोजल्याशिवाय त्याची गोळी घ्यायची नाही. यजमानांच्या टिपेत हृदयाच्या गोळ्या कोणत्याही कारणाने थांबवायच्या नाहीत, हे वाक्य अधोरेखित केले होते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर उपाशी राहण्याच्या दिवसांविषयी आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण अशा वेळी साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. या सूचना आमच्या प्रकृतीपुरत्या आहेत. इतरांनी त्या उचलून वापरू नयेत, पण आपल्या टिपेची मागणी मात्र लस घेण्यापूर्वीच करावी.

पॅरासिटामॉलबाबतही त्यांनी नेमके सांगितले. लस घेण्याआधीच ते घेऊन ठेवायचे नाही, त्रास सुरू झाल्यावर घ्यायचे. माझ्यासाठी ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर, आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही हेच औषध असते, त्यामुळे दोन्ही एकदम घेतल्यास नकळत मात्रा दुप्पट होते. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलमध्ये सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी साधी गोळीच घ्यावी. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर सलग काही दिवस पॅरासिटामॉल घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना कळवले पाहिजे.

खाण्यापिण्याच्या बाबतीत शेजारपाजारचा सल्ला शहाळ्याचा असतो. मूत्रपिंड थोडे अधू असताना आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना शहाळ्यातले पोटॅशियम अंगात साठू शकते, त्यामुळे मी भाताची पेज, मुगाचे कढण आणि पातळ ताक यांवर भागवले. तेही घोट घोट, दिवसभर. म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते, हे लक्षात ठेवून घरच्यांनीच भांडे हातात दिलेले बरे.

रात्रीचा प्रश्न मात्र कोणत्याही कागदावर नसतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब उभे राहताना एकदम खाली येऊ शकतो, आणि अंगात ताप असताना लघवीला उठणे हा पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. दुसऱ्या मात्रेनंतर यजमानांना थोडी कणकण आली, तेव्हा आम्ही न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू ठेवला, आणि पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसूनच उठायचे असे मी त्यांना बजावले. मुलगी म्हणाली, “बाबा, आजच्या रात्री मी इथेच झोपते,” आणि ती झोपली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी लस घेण्याचा दिवस अशी सोबत असेल तेव्हाचाच ठरवावा. शनिवारी लस घेऊ नये असेही मी सांगेन, कारण त्रासाचा दिवस रविवारचा येतो आणि दवाखाना बंद असतो.

मला दुसऱ्या वेळी ताप आला नाही, फक्त अंग मोडून आले. पहिल्या मात्रेचा त्रास पाहून दुसरी टाळणारे दोन-तीन जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की पहिल्या वेळच्या त्रासावरून दुसऱ्या वेळचा अंदाज बांधता येत नाही, आणि एकाच मात्रेवर थांबल्यास चाचण्यांत दिसलेले संरक्षण गृहीत धरता येत नाही. पहिल्या मात्रेनंतर चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास अडकणे असे तीव्र ॲलर्जीचे प्रकार झाले असतील तर मात्र दुसरी मात्रा घ्यायची नाही.

साधा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. त्यापुढेही ताप राहिला, दंडावरची लाली दुसऱ्या दिवसानंतर पसरत गेली, छातीत दुखले, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर ‘लसीचाच त्रास असेल’ असे म्हणून घरी थांबू नये. म्हाताऱ्यांना लस घेतलेल्या आठवड्यात न्यूमोनिया किंवा हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो, त्याचा लसीशी संबंध असो वा नसो. पायांतली शक्ती खालून वर जात कमी होऊ लागणे हे गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे लक्षण असू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या लसीच्या माहितीपत्रकात त्याविषयीचा इशारा घातला. ६५ वर्षांवरील लोकांत दहा लाख मात्रांमागे अंदाजे तीन जास्तीचे रुग्ण, इतका तो विरळा आहे, पण लक्षण माहीत असावे. भारतात औषधांचे व लसींचे दुष्परिणाम रुग्णाला स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतात, ही माहिती मला दोन्ही ठिकाणी कोणी दिली नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. एका मात्रेला दहा हजारांहून अधिक रुपये पडतात, सरकारी मोफत लसीकरणात ही लस नाही, आणि आमच्या विमा पॉलिसीतून एक रुपयाही परत मिळाला नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात दोघांच्या चार मात्रा हा मोठा खर्च आहे. पैशांचा प्रश्न असेल तर जोडप्यापैकी मधुमेह असलेल्याने किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याने ती आधी घ्यावी, असे आमच्या डॉक्टरांचे मत पडले, आणि मला ते पटते. लसीला मी पाचांपैकी साडेचार गुण देते, अर्धा गुण किमतीपायी कापला आहे. मोठ्या रुग्णालयाच्या विभागाला दोन, तेही शीतपेटीच्या शिस्तीसाठी. बाकड्याच्या दवाखान्याला पूर्ण पाच.