दुर्बीण गच्चीवर, मग सॉफ्टवेअर कुठे चालवायचे?

माण तालुक्यातील आमच्या गावच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण लावून मी खाली माजघरात बसून अवकाश छायाचित्रण करतो. अंतर जेमतेम १५ मीटर आहे, पण मध्ये स्लॅब आणि दीड फूट जाडीची जुनी दगडी भिंत येते. गेल्या चार हंगामांत मी तीन मांडण्या वापरून पाहिल्या. पहिलीत गच्चीवरून लॅपटॉपपर्यंत लांब यूएसबी केबल आणली. दुसरीत दुर्बिणीपाशी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसते ‘पाय’) केवळ इंडी सर्व्हर, म्हणजे उपकरणांशी बोलणारे सॉफ्टवेअर, ठेवला आणि केस्टार्स हा आकाशनकाशा व त्यातले छायाचित्रण चालवणारे एकोस खोलीतल्या लॅपटॉपवर चालवले. तिसरीत दुर्बिणीच्या तिवईलाच छोटा विंडोज संगणक बांधला, त्यावर नीना (छायाचित्रण चालवणारे सॉफ्टवेअर) आणि पीएचडी२ (दुर्बीण ताऱ्यावर खिळवून ठेवणारे सॉफ्टवेअर) चालवले आणि खोलीतून रिमोट डेस्कटॉपने केवळ त्याचा पडदा पाहिला.

केबलच्या मांडणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साधी यूएसबी ३ केबल ३ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून सिग्नल वाढवणारी महागडी केबल घ्यावी लागते, आणि तीही कडाक्याच्या थंडीत दवाने भिजलेल्या जोडापाशी अधूनमधून दगा देते. एकदा अंधारात जिना चढताना वडिलांचा पाय तिच्यात अडकला, तेव्हा तो प्रयोग मी थांबवला. ज्यांची दुर्बीण खिडकीबाहेरच्या बाल्कनीत आहे, त्यांना मात्र याहून सोपे काही सापडणार नाही.

दुसरी मांडणी कागदावर सर्वांत देखणी वाटते. पायला वीज कमी लागते, लॅपटॉपचा मोठा पडदा हाताशी राहतो आणि इंडीची रचनाच मुळात अशा विभागणीसाठी केलेली आहे. तिच्यातला जो दोष मला अखेर सहन झाला नाही, तो असा की सगळे निर्णय खोलीत होतात आणि दुर्बीण त्यांची वाट पाहत थांबते. माझ्या कॅमेऱ्याची एक चौकट ६२४८ × ४१७६ बिंदूंची, म्हणजे सुमारे ५२ मेगाबाइटची असते. ऑटोफोकस करताना अशा नऊ-दहा चौकटी एकामागून एक वायफायवरून खाली याव्या लागतात, तेव्हा कुठे ताऱ्याचा आकार मोजला जातो. गायडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची सरक दुरुस्त करण्यासाठी, लावलेल्या गायड कॅमेऱ्याची प्रतिमाही दर दोन सेकंदांनी त्याच वाटेने खाली येते आणि दुरुस्तीचा आदेश त्याच वाटेने वर जातो.

जानेवारीच्या सुरुवातीच्या एका रात्री मी रोझेट तेजोमेघ टिपत होतो. तो त्या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास याम्योत्तर, म्हणजे आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा, ओलांडतो आणि तेव्हा माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीला) मेरिडियन फ्लिप करावा लागतो, म्हणजे दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते, नाहीतर ती तिवईला धडकू शकते. साडेअकराच्या पुढे केव्हातरी वायफाय तुटले आणि मला डुलकी लागली होती. चित्रमालिका थांबली, गायडिंग थांबले, पण माउंटचे स्वतःचे ट्रॅकिंग (आकाशाबरोबर फिरणे) चालूच राहिले, आणि फ्लिपचा आदेश देणारा लॅपटॉप तर भिंतीच्या अलीकडे होता. दोनच्या सुमारास जाग आल्यावर मी विजेरी घेऊन वर गेलो, तेव्हा कॅमेऱ्याची मागची कड तिवईच्या पायापासून दोन बोटांवर आली होती. त्या रात्रीच्या वाया गेलेल्या चौकटींपेक्षा ती दोन बोटे मला अधिक लागली, आणि निर्णय तिथेच झाला.

तिसऱ्या मांडणीत वायफाय आजही तितक्याच वेळा तुटते. फरक इतकाच की तुटतो तो माझा पडदा, काम नव्हे. रिमोट डेस्कटॉपची जोडणी गेली तरी संगणकावरचे सत्र चालू राहते, फ्लिप वेळेवर होतो आणि पुन्हा जोडले की सगळे जागच्या जागी दिसते. माझ्या अनुभवात ऑटोफोकसलाही पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो. ध्रुव साधतानाही, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखतानाही, सोय होते: आमच्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो, त्यामुळे माउंटपाशी वाकून स्क्रू फिरवताना तोच पडदा मोबाइलवर बघता येणे फार उपयोगी पडते.

अडचणी याही मांडणीत आहेत. विंडोजची होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपने बाहेरून उघडता येत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती घ्यावी लागते. अपडेट रात्रीपुरते थांबवून ठेवावे लागतात, आणि वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) आधीच करून ठेवावी लागते. बॅटरीही पायपेक्षा लवकर उतरते.

एकोसची सवय असलेल्यांनी ते सोडावे असे मी म्हणणार नाही. सर्व्हरबरोबर एकोसही पायवरच चालवले आणि व्हीएनसीने (रिमोट डेस्कटॉपसारख्याच सोयीने) केवळ पडदा पाहिला, तर वर सांगितलेला दोष उरत नाही. फक्त पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, आणि इंटरनेट नसलेल्या माळावर वेळ चुकली की प्लेट सॉल्व्हिंगने (चित्रातल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखून) नेम सुधारला तरी याम्योत्तराचा हिशोब चुकीचा राहू शकतो. त्यामुळे जीपीएस जोडावे, किंवा पाय ५ घेऊन त्याला घड्याळाची बॅटरी लावावी. ज्यांचे सगळे कॅमेरे झेडडब्ल्यूओ कंपनीचेच आहेत, त्यांना तिचाच एएसआयएअर बहुधा अधिक सुटसुटीत वाटेल, कारण तोही दुर्बिणीपाशी बसणारा संगणकच आहे. माझा गायड कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा असल्याने ती वाट मला बंद होती.